थंडाव्याचे मानकरी

नागपुरात मे महिन्यात घराला खोल्या उरत नाहीत, नुसती तापमानं उरतात. हॉल, मधली खोली, देवघर ही नावं मार्च संपेपर्यंत चालतात. एकदा का पश्चिमेची भिंत संध्याकाळी हाताला चटका द्यायला लागली, की घरातली माणसं जागा ओळखतात ती अंशांनी. कूलरसमोरची, जिन्याखालची, माठाच्या तिवईशेजारची. आणि या जागांची वाटणी वडिलोपार्जित शेतीच्या वाटणीइतकी नाजूक बाब असते. कुणी बोलत नाही, पण कुणाची हद्द कुठवर हे प्रत्येकाला ठाऊक असतं. माझ्या माहेरी, अमरावतीला, कूलरच्या थेट झोतातली जागा आजोबांची होती. ते घरात नसले तरी त्यांचीच होती. आजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसायची, जिथे त्या झोताचं फक्त शेपूट पोचायचं. आम्ही मुलं फरशीवर. अंगाखालची फरशी कोमट झाली की अर्धा हात सरकायचं, पुन्हा कोमट झाली की पुन्हा सरकायचं. असं करत दुपारभरात खोलीला एक प्रदक्षिणा पुरी व्हायची आणि पुण्य म्हणून चार वाजता पन्हं मिळायचं.

आमच्या आताच्या घरात आजोबांचा तो मान दोन गिनिपिगांकडे आहे.

लेकीच्या वाढदिवसाला त्या आल्या. दोघी बहिणी. एक भाजक्या विटेच्या रंगाची, तिचं नाव तर्री. दुसरी पांढरी, पाठीवर केशरी डाग. ती बर्फी, म्हणजे अर्थातच संत्रा बर्फी. नागपूरकर मुलीकडून नावांच्या बाबतीत याहून वेगळी अपेक्षा नव्हतीच. वजन प्रत्येकी किलोच्या आतबाहेर, पुढच्या पायांना चार-चार बोटं, मागच्यांना तीन-तीन, शेपूट नाही. आकार असा की पुढचं टोक कोणतं हे तोंड हलल्याशिवाय कळू नये. आणि तोंड सदैव हलत असल्यामुळे ही अडचण फारशी येत नाही. चेहऱ्यावरचा भाव मात्र कधीच हलत नाही: आपल्याला कुणीतरी चुकीच्या स्टेशनावर उतरवलेलं आहे, पण विचारायचं कुणाला?

तसं पाहिलं तर उतरवलेलंच आहे. यांचं गाव दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात. तिथल्या लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी यांना माणसाळवलं. पेरूतलं कुस्को शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे, नागपूर जेमतेम ३१० मीटरवर. कुस्कोला जून-जुलैच्या रात्री पारा शून्याच्या आसपास येतो. तिथल्या जुन्या घरांत हे प्राणी स्वयंपाकघराच्या जमिनीवर मोकळे फिरतात, चुलीच्या उबेला येऊन बसतात, भाजीच्या देठांवर जगतात आणि सणावाराला त्याच चुलीवर चढतात. कुस्कोच्या कॅथीड्रलमध्ये मार्कोस झापाता या चित्रकाराचं अठराव्या शतकातलं एक मोठं चित्र आहे. येशूचं आणि त्याच्या शिष्यांचं अखेरचं भोजन, आणि मधल्या ताटात पाय वर करून भाजलेला कुई, म्हणजे आमच्या तर्री-बर्फीचा पूर्वज. हे चित्र लेकीला दाखवायचं नाही असा घरात ठराव झाला. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते माझ्या फोनवर पाहिलं, बोटांनी मोठं करून पाहिलं आणि चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले, "इकडे आल्या ते बरं झालं बाप्पा. गरमी तर चालते."

पण गरमी चालते असं म्हणणं माणसाला सोपं आहे. माणसाला घाम येतो. कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि अंग निववतो. उंदीर आपल्या उघड्या शेपटीतून थोडी उष्णता बाहेर सोडतो. हा प्राणी घडला तोच मुळी ऊब धरून ठेवण्यासाठी: दाट केस, आखूड पाय, गोलमटोल बांधा, सगळी दारं-खिडक्या घट्ट बंद. हवा खेळती राहावी म्हणून दोन पाकळ्यांएवढे कान आणि चार तळपाय तेवढे उघडे. अंगाचं तापमान मुळातच ३८-३९ अंशांच्या घरातलं. जनावरांच्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की यांना १८ ते २४ अंश मानवतात, २७-२८च्या पुढे लक्ष ठेवायचं आणि तिशी ओलांडली तर जिवावरचं आहे. लोळागोळा होऊन पडली, श्वास भराभर चालला, तोंडातून लाळ आली तर ऊन लागलं समजा. मग बर्फाच्या पाण्यात बुचकळायचं नाही, त्या धक्क्यानंच जाईल. साध्या पाण्यात भिजवलेलं फडकं कानांना आणि पायांना लावायचं आणि थेट इकडे आणायचं.

बाबा हे सगळं खालमानेनं ऐकत होते. बाहेर पडल्यावर म्हणाले, "चोवीस? मे महिन्यात चोवीस तर इथं पहाटे चारला पण नाही होऊन राहिलं."

ते खरंच होतं. २०१३च्या मे महिन्यात या शहरानं ४७.९ अंश पाहिले आहेत. २०२४च्या मेअखेर तर एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ आकडा दाखवला आणि देशभर बातमी झाली. मागाहून कळलं की संवेदकच बिघडला होता. नागपूरकरांना त्यात बिघाड असा वाटलाच नव्हता. उन्हात उभं राहून काम करणाऱ्या कुणालाही एकदा ऊन लागू शकतं, एवढी सहानुभूती आमच्याकडे आहे.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. ते रेल्वेत टीसी होते. सारी नोकरी नागपूर, आमला, इटारसी या पट्ट्यात, लोखंडी डब्यात, काळा कोट घालून. ज्या माणसानं मे महिन्यात काळा कोट घालून जनरलच्या डब्यात तिकिटं तपासली आहेत, त्याला उन्हाळ्याविषयी तक्रार करणं हा कमीपणा वाटतो. आम्ही मधल्या खोलीत एसी बसवला तेव्हा बाबा गच्चीवर निघून गेले. एसीनं हाडं धरतात, भूक मरते, माणूस आळशी होतो. त्यांच्या खोलीत त्यांचा जुना लोखंडी कूलर, दाराशी पाण्याची बादली आणि मानेवर ओला पंचा. दुपारी एसी लावल्यावर मी दार उघडून विचारायचे, "बाबा, येता का?" आत चेहरा लालबुंद, बनियन ओला, आणि उत्तर ठरलेलं: "मला नको. मला कुठं गरम होऊन राहिलं?"

मग तर्री-बर्फी आल्या आणि पिंजरा अर्थातच मधल्या खोलीत ठेवला गेला. पहिल्याच उन्हाळ्यात, एका दुपारी मी कॉलेजातून घरी आले तर एसी सुरू, पडदे ओढलेले आणि बाबा आरामखुर्चीत पेपर घेऊन बसलेले. मला पाहून खुर्चीत जरा सावरून बसले.

"पोट्ट्यांना एकटं वाटून राहिलं होतं," ते म्हणाले.

तेव्हापासून आमच्या घरात थंडाव्याची सगळी मागणी पिंजऱ्यामार्फत होते. बाबांना गरम होत नाही; पोट्ट्यांना होतं. बाबांना टरबूज नको असतं, पण पोट्ट्यांसाठी आणलंच आहे तर कापून ठेव. लाल गर माणसं खातात, सालीलगतची पांढरी बाजू त्या दोघी करकरत संपवतात, आणि बाबा फोडी मोजून सगळ्यांना बरोबर वाटा गेला की नाही ते पाहतात. रात्री दहाला दार किलकिलं होतं: "बेटा, एसी बंद करू नका आज. बर्फी लांब होऊन पडली आहे." बर्फी लांब होऊन पडलेली असते हे खरं. मागचे पाय ताणून, पोट फरशीला टेकवून. आहे त्याच्या दीडपट लांबीची. पण खुर्चीत बाबाही तसेच पडलेले असतात, हे दोघांपैकी कुणीच बोलून दाखवत नाही.

या प्राण्याच्या उष्णतेचा हिशेब जगातल्या फार मोठ्या माणसांनी केला आहे. मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे ही गोष्ट दरवर्षी सांगते आणि दरवर्षी मागच्या बाकावरचे झोपतात. पॅरिसमध्ये १७८२-८३च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास या दोघांनी एक भांडं तयार केलं. आत जाळीची टोपली, तिच्याभोवती बर्फ, त्याच्याबाहेर आणखी एक बर्फाचा थर. हा बाहेरचा थर खोलीची ऊब आत येऊ नये म्हणून. टोपलीत गिनिपिग ठेवला आणि त्याच्या अंगच्या उष्णतेनं आतला बर्फ किती वितळतो ते मोजलं. १० तासांत १३ औंस. आजच्या मापात ४०० ग्रॅमच्या जवळपास. त्यावरून त्यांनी सांगितलं की श्वास घेणं म्हणजे सावकाश जळणं, मेणबत्ती जळते तशाच जातीचं. जिवंत असणं म्हणजे मंद आंच, आणि ती आंच मोजून दिली ती तर्रीच्या एका पूर्वजानं, बर्फात बसून.

ही गोष्ट मी बाबांना सांगितली तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकले. मागच्या बाकावरच्यांपेक्षा हा श्रोता फार चांगला.

"मग त्याचं काय झालं?"

"पुढे फ्रेंच राज्यक्रांती झाली. १७९४च्या ८ मेला लाव्हाझिएला गिलोटिनवर चढवलं."

"त्या साहेबाचं नाही विचारून राहिलो," बाबा म्हणाले. "जनावराचं काय झालं?"

ते कुणी नोंदवून ठेवल्याचं माझ्या वाचनात नाही. बाबांना ते पटलं नाही. इतका बर्फ औंसांत मोजला आणि ज्यानं तो वितळवला त्याची खबर नाही, हे त्यांच्या खात्यात चाललं नसतं. मग त्यांनी विचारलं, तो हिशेब आजच्या भाषेत किती होतो. मी कागदावर करून दाखवला: एक गिनिपिग म्हणजे साडेतीन-चार वॅटची शेगडी. दोघी मिळून सात-आठ. "आणि माणूस?" नुसता बसलेला माणूस शंभरच्या आसपास. बाबांनी खोलीभर नजर फिरवली. माझा नवरा एसीखाली आडवा होऊन क्रिकेट पाहत होता. "म्हणजे खोली थंड ठेवायची असेल तर पहिले याला उठवला पाहिजे," ते म्हणाले, आणि शास्त्राच्या दृष्टीनं त्यात काहीही चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याच्या गजाला एक थर्मामीटर लटकला आणि बाबांच्या जुन्या डायरीत नोंदी सुरू झाल्या. वेळ, अंश, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात "सुस्त", "काकडी घेतली", "तर्रीने उडी मारली" असं. ती उडी पाहण्यासारखी असते. संध्याकाळी हवा जरा उतरली की गिनिपिगाला अचानक काहीतरी आठवतं आणि तो चारही पायांवर जागच्या जागी टुण्णकन उडतो, हवेतच वळतो आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं गवत खाऊ लागतो. लाह्या फुटतात तशी. माझ्या मते आनंद व्यक्त करण्याची ही सगळ्यात सभ्य पद्धत आहे. कुणाला त्रास नाही, कुणाकडून दाद नको.

पण एसी हा सगळा इलाज नव्हे, कारण वीज जाते. ती मे महिन्यात दुपारी दोनलाच जाते, हा माझ्यापुरता निसर्गनियम आहे. म्हणून फ्रीझरमध्ये बाटल्या गोठवलेल्या असतात. प्लास्टिकची बाटली, पाऊण भरलेली (काठोकाठ भरली तर फुगून फुटते), आणि वर बाबांचा जुना लोकरीचा मोजा, म्हणजे थंडीचा थेट चटका नको. बर्फाची युक्ती बाबांचीच. १९३४ साली फ्राँटियर मेलला थंड हवेचे डबे लागले, तेव्हा डब्याच्या तळाशी बर्फाच्या लाद्या भरत आणि त्यांवरून वारा आत सोडत, ही गोष्ट त्यांनी नोकरीला लागल्यावर जुन्या लोकांकडून ऐकली होती. तर्री-बर्फी आता त्या वर्गातून प्रवास करतात. फ्रीझरमध्ये मात्र यावरून तणाव आहे. तिथे हंगामाचा आमरस डब्यांत साठवायचा असतो, आणि एका बाजूला मोजे चढवायला तयार बाटल्यांची रांग. मागे नणंद आली होती. तिनं कुल्फी समजून फ्रीझर उघडला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

बाटली पिंजऱ्यात ठेवली की पहिल्यांदा दोघी दगड होतात. गिनिपिगाचं नव्या वस्तूविषयीचं पहिलं मत नेहमी एकच असतं: आपण हललो नाही तर ती वस्तू आपल्याला ओळखणार नाही. मग तर्रीचं नाक सुरू होतं. मिशा थरथरतात. एक पाऊल, थांबणं, मागे. मोज्याच्या टाचेजवळ, जिथे बाबांनी रफू केलेलं आहे, तिथे ती हनुवटी टेकवते आणि लगेच काढून घेते. मोजा एव्हाना बाहेरून ओलसर झालेला असतो. लोकरीच्या टोकांवर बारीक थेंब. ती एक थेंब चाटते. विचार करते. मग सगळं अंग, मऊ पिशवी भिंतीला टेकावी तसं, त्या मोज्याला लावून देते, आणि डोळे अर्धवट मिटतात. बर्फी हे पाहत असते. बर्फी स्वतः कधी प्रयोग करत नाही, ती निष्कर्ष वापरते. दुसऱ्या बाजूनं येते आणि टेकते. मध्ये बाबांचा मोजा.

बाकी सगळे उपाय आमच्या आजीच्या काळचेच निघाले. नव्या स्वयंपाकघराच्या वेळी उरलेला कडप्प्याचा तुकडा माळ्यावर पडला होता. धुऊन, सावलीत गार करून पिंजऱ्यात ठेवला की त्यावर पोट टेकवून दोघी पडतात. फुटक्या गळ्याचा माठ आडवा टाकून त्याची गुहा केली. पिंजऱ्याच्या अर्ध्या भागावर ओली चादर, अर्धा उघडा, आणि पंख्याचा वारा चादरीवर; थेट अंगावर नाही. चारा-भाजी धुऊन तशीच ओली द्यायची. काकडी, सांभार म्हणजे कोथिंबीर, शिमला मिरचीची एखादी फाक. मिरची चैनीसाठी नाही. गिनिपिगाच्या शरीराला क जीवनसत्त्व तयार करता येत नाही, ते रोज बाहेरूनच मिळावं लागतं. माणसाचंही तसंच. होल्स्ट आणि फ्रोलिख या नॉर्वेच्या दोघांनी १९०७ साली गिनिपिगांवरच प्रयोग करून खलाशांच्या स्कर्व्हीचा माग लावला. संत्र्याच्या शहरात ही पंचाईत होऊ नये, पण मे महिन्यात संत्री नसतात. मग मिरची. दूर्वा त्यांना फार आवडतात. संकष्टीला देवासाठी जुडी आणली की फ्रीजमधून ती आधी कुठे जाते हे बघावं लागतं. एकदा गणपतीला दूर्वा कमी पडल्या तेव्हा बाबांनी शांतपणे सांगितलं की गेल्या त्या वाहनाच्या नात्यातच गेल्या आहेत, बाहेर नाही.

माझी बहीण डोंबिवलीला असते. तिच्या मुलानं आमचं पाहून गिनिपिग आणले आणि मी उत्साहानं ओल्या चादरीचा उपाय फोनवर सांगितला. आठवड्यानं तिचा फोन: खोलीत नुसता कोंदट वास, चादर दिवसभर ओलीच्या ओली आणि प्राणी कंटाळलेले. तिकडे हवेतच एवढं पाणी, की चादरीतल्या पाण्यानं जावं कुठे? पाणी उडून जाताना आपल्याबरोबर उष्णता घेऊन जातं, म्हणून विदर्भात माठ गार होतो, कूलर चालतो. आमच्या मे महिन्याची हवा इतकी कोरडी असते की चादर पिळून टाकावी आणि दोरीवरून काढून घडी घालावी. आम्हाला वर्षानुवर्षं भाजून काढणाऱ्या त्या कोरडेपणाचा काही उपयोग असेल, असं मला आधी वाटलं नव्हतं. बहिणीनं शेवटी बाटल्यांचा मार्ग धरला. मोजे तिच्याकडे नव्हते. तिकडे लोकरीचे मोजे कुणाकडेच नसतात. बाबांनी दोन जोड कुरिअरनं पाठवले.

यंदा एप्रिलमध्ये बाबा स्वतः जाऊन कूलरसाठी वाळ्याची ताटी घेऊन आले. एरवी आम्ही लाकडाच्या भुशाच्याच ताट्या लावतो. त्या स्वस्त पडतात आणि हंगामाबरोबर संपतात. वाळा महाग. "पोट्ट्यांना ते भुशाचं कुसळ नको," असं कारण होतं. ताटी बसवून पंप सुरू केला, पहिलं पाणी ओघळलं आणि तो वास घरभर पसरला. मी स्वयंपाकघरात पोळ्या करत होते. तव्यावरची पोळी करपली तरी माझ्या लक्षात आलं नाही. अमरावतीच्या घरी दारावर वाळ्याचा पडदा असायचा आणि तो ओला ठेवण्याचं काम माझं होतं. हातात पितळी गडू, बादलीतून पाणी घेऊन पडद्यावर मारायचं. वरपासून मारायचं म्हणजे खालपर्यंत ओघळतं. मारलेलं पाणी थोडं पडद्याला आणि बरंचसं अंगावर. पडद्यापलीकडून आजोबा ओरडायचे, "पाणी पडद्यासाठी आहे!" आणि त्या ओरडण्यात अजिबात राग नसायचा, कारण ओल्या वाळ्यातून आलेली पहिली झुळूक त्यांच्या अंगावरून गेलेली असायची. आजोबांनीसुद्धा कधी "मला गरम होतंय" असं म्हटल्याचं आठवत नाही. म्हणायचे, "पोरांनो, पडदा वाळला बघा." पडद्याची काळजी.

मे महिन्याच्या मध्यावर, नवतपा लागायच्या आधी, वीज गेली ती पुष्कळ वेळ आलीच नाही. लेक मैत्रिणीकडे, नवरा ऑफिसात, मी पेपर तपासणीच्या केंद्रावर. धावत घरी आले तर मधल्या खोलीत अंधार, पिंजऱ्यावर बाबांचा पंचा पाण्यात भिजवून पसरलेला. फरशीवर पाण्याचे ओघळ. बाबा खाली जमिनीवर बसले होते, गुडघे दुखतात तरी, एका हातात बांबूचा विंझणा, आणि दुसऱ्या हातानं जाळीतून बर्फीच्या कानाला ओलं फडकं लावत होते. विंझणा पिंजऱ्याकडे एकसारखा हलत होता आणि ते तिला इटारसीच्या फलाटावरच्या मातीच्या सुरईची गोष्ट सांगत होते. गाडी थांबली की सुरईवाला खिडकीशी येतो, पाणी एवढं गार की दातांना कळ लागते... अंगातलं बनियन पाठीला पूर्ण चिकटलेलं. मी विंझणा घ्यायला हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे, माझा ठेका लागला आहे." मग मी तो घेतला नाही. फ्रीझरमधली शेवटची बाटली आणली, मोजा चढवला आणि पिंजऱ्यात ठेवण्याऐवजी बाबांच्या मानेमागे टेकवली. ते दचकले.

"पोट्ट्यांची आहे ती."

"त्यांना दोन दिल्या आहेत. ही उरली होती."

उरलेली असेल तर हरकत नव्हती. बाबांनी मान मागे टाकली. विंझणा थांबला नाही, फक्त मंद झाला. पंच्याच्या कडेखालून तर्रीनं तोंड बाहेर काढलं आणि गवताची एक काडी टोकापासून टोकापर्यंत, टाईपरायटरवरचा कागद सरकावा तशी, आत ओढून घेतली. डायरीत त्या दिवशीचा शेरा आहे: "३३. घाबरण्याचे कारण नाही."

आता शाळा सुरू होण्याआधी चार दिवस चिखलदऱ्याला जायचं घाटत आहे. दरवर्षी घाटतं. दरवर्षी बाबा म्हणतात तुम्ही जा, मी घर सांभाळतो. या वर्षी मात्र त्यांनी स्वतः अॅटलास काढून चिखलदऱ्याची उंची पाहिली. हजार मीटरच्या वर. कुस्कोच्या मानानं काहीच नाही, पण नागपूरपेक्षा तर्री-बर्फीच्या गावाकडे तेवढंच सरकल्यासारखं. गाडीत एसी आहे, पिंजरा मागच्या सीटवर बसतो हे त्यांनी टेपनं मोजून पाहिलं आहे. बाटल्यांसाठी थर्माकोलचा डबाही त्यांनी कोपऱ्यावरच्या आइसक्रीमवाल्याकडून मिळवला. काल दुपारी त्यांनी तिथल्या एका लॉजला फोन लावला. मी पलीकडच्या खोलीत होते. बाबा फोनवर नेहमी फलाटावर बोलतात तेवढ्या आवाजात बोलतात. खोली सावलीतली पाहिजे, पश्चिमेची भिंत नको, खिडकीला जाळी आहे का, जवळपास हिरवं गवत मिळतं का. समोरच्या माणसानं किती जण आहात असं विचारलं असावं.

"सहा," बाबा म्हणाले. "पण दोघी पाच वर्षांच्या आतल्या आहेत. त्यांचं काही लागत नाही."